पिकअपमागे ट्रेलर लावायचाय? पाटा टाकायच्या आधी काट्यावर जा

पिकअपमागे ट्रेलर लावला की तीन गोष्टी हटकून होतात. गाडीचं बूड बसतं, तोंड वर होतं आणि साठच्या पुढे गेलं की मागून कुणी गाडी हलवतंय असं वाटायला लागतं. मग माणूस तडक कमानपाट्याच्या, म्हणजे एक्सलवर भार तोलणाऱ्या वाकड्या पोलादी पट्ट्यांच्या (लीफ स्प्रिंग) दुकानात जातो. कारागीर खाली वाकून बघतो आणि म्हणतो, "भाऊ, एक पाटा वाढवून देतो, टेन्शन नका घेऊ." दुपारपर्यंत पाटा पडतो, बूड वर येतं. पण रिकामी गाडी गिट्टीच्या रस्त्यावर उड्या मारू लागते आणि ट्रेलर डोलायचा तो डोलतच राहतो.

पाटा टाकण्यात गैर काही नाही, फक्त ते यादीतलं शेवटून दुसरं-तिसरं काम आहे आणि आपण ते पहिलं करतो. बूड बसण्याचं कारण बऱ्याचदा ट्रेलरमध्ये सामान कुठे ठेवलंय यात असतं, नाहीतर झिजलेल्या बुशात, म्हणजे पाट्याच्या टोकाच्या डोळ्यात बसवलेल्या नळीत. ते तसंच ठेवून पाटा टाकला तर दुखणं झाकलं जातं, जात नाही.

आपल्याकडे पिकअपमागे दोन चाकांचे हलके ट्रेलर दिसू लागलेत. लग्नाच्या मंडपाचा जनरेटर, यात्रेतलं फिरतं हॉटेल, फवारणीच्या पाण्याची टाकी, संत्रा तोडणीच्या वेळी बागेत मुक्कामाला न्यायची खोली. महाराष्ट्र शासनाचं कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण २०२१ मध्ये आलं, तेव्हापासून ताडोबा, लोणार, मेळघाटाच्या बाजूला झोपायची सोय असलेला ट्रेलर न्यायचा विचार करणारेही भेटतात. हा लेख या सगळ्यांसाठी आहे. ट्रॅक्टरची ट्रॉली मात्र यात धरू नका. तिचा बराच भार ट्रॅक्टरच्या हुकवर यावा अशीच तिची रचना असते आणि पिकअपचा चेसिस त्यासाठी बनलेला नसतो.

आधी वजन

जिनिंगचा किंवा बाजार समितीचा वजनकाटा चालेल. हंगामात कापसाच्या गाड्यांची रांग असते, म्हणून सकाळी लवकर जा आणि काटेवाल्याला आधीच सांगा की चार-पाच वेळा गाडी मागेपुढे करावी लागेल. काट्याची पाटी आणि समोरची जमीन एका पातळीत हवी. समोर उतार असेल तर एकेका एक्सलचं (दोन बाजूंची चाकं जोडणाऱ्या आसाचं) वजन चुकीचं येतं. टाकीत डिझेल, ड्रायव्हर जागेवर आणि मागे नेहमीचा माल ठेवूनच वजन करा.

पहिल्यांदा एकटी पिकअप चारही चाकं काट्यावर घेऊन तोला. मग फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवा. आता ट्रेलर जोडा, पिकअप पूर्ण काट्यावर आणि ट्रेलरची चाकं बाहेर, असं वजन घ्या. तसंच जोडलेलं ठेवून परत फक्त पुढची चाकं तोला. शेवटी ट्रेलर सोडून तो एकटा.

आता वजाबाकी. तिसऱ्या आकड्यातून पहिला वजा केला की ट्रेलर हुकवर किती दाब देतोय ते कळतं. दुसऱ्यातून चौथा वजा केला की पुढची चाकं किती हलकी झाली ते कळतं. तिसऱ्यातून चौथा वजा केला की मागच्या एक्सलवर प्रत्यक्ष किती भार आहे ते मिळतं. हा शेवटचा आकडा आरसी बुकातल्या आणि कंपनीच्या पुस्तिकेतल्या मागच्या एक्सलच्या मर्यादेशी ताडून बघा. तो मर्यादेच्या वर असेल तर इथेच थांबा आणि माल कमी करा. पाटा, एअर बॅग, रबर काहीही लावलं तरी एक्सल, बेअरिंग, टायर आणि ब्रेक तेच राहतात. कंपनीने तुमच्या मॉडेलला ट्रेलर ओढायची मुभा दिली आहे का आणि किती वजनाचा, हेही पुस्तिकेत बघा. तिथे काही लिहिलेलं नसेल तर सर्व्हिस सेंटरकडून लेखी घ्या.

मोठ्या काट्यावर दहा-पाच किलोचा फरक नीट दिसत नाही. हुकवरचा भार नेमका हवा असेल तर घरचा इलेक्ट्रॉनिक काटा वापरा, ज्यावर कापसाची किंवा सोयाबीनची पोती तोलतो तो. सपाट जागी ट्रेलरच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा. काट्यावर लाकडी ठोकळा उभा करा आणि ट्रेलरच्या दांडीचं तोंड त्यावर टेकवा. ठोकळा एवढ्या उंचीचा घ्या की ट्रेलर जोडल्यावर राहतो तसाच आडवा, समपातळीत राहील. दांडी दोन बोटं खाली-वर असली तरी आकडा बदलतो. आणि ट्रेलर रिकामा तोलू नका, सामान भरून तोला.

हुकवरच्या भाराचा हिशेब

बंडी भरताना मागे जास्त भरलं की ती उलार होते आणि पुढे जास्त भरलं की जू बैलांच्या मानेवर बसतं. ट्रेलरचंही तसंच आहे. फरक एवढाच की बंडी बैलाच्या चालीने जाते आणि ट्रेलर साठ-सत्तरने. हुकवर भार कमी पडला की वेगात ट्रेलर डावी-उजवीकडे झुलायला लागतो. जास्त झाला की पिकअपचं बूड बसतं.

ट्रेलरच्या भरलेल्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हुकवर असावा, हे सर्वसाधारण प्रमाण. आपल्या गाड्या आणि रस्ते बघता मी १० ते १२ च्या आसपास ठेवायला सांगेन. पण हुकवर किंवा पुस्तिकेत कमाल भाराचा आकडा दिलेला असेल तर तोच शेवटचा. प्रमाण जुळवायला त्या आकड्याच्या वर जाऊ नका, ट्रेलरच हलका करा.

समजा ट्रेलर १,००० किलोचा आहे आणि हुकवर १२० किलो येतात. पिकअपच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर ३ मीटर आणि हुक मागच्या एक्सलच्या सव्वा मीटर मागे. १२० ला ४.२५ ने गुणा आणि ३ ने भागा, म्हणजे मागच्या एक्सलवर १७० किलो वाढले. वरचे ५० किलो पुढच्या चाकांवरून उचलून मागे आले. म्हणून तोंड वर होतं, म्हणून स्टिअरिंग हलकं लागतं. हे ५० किलो पाटा टाकून पुढे जात नाहीत. पाट्याने बूड उचललं जातं, पण पुढच्या चाकांवरचं वजन होतं तेवढंच राहतं. हुक एक्सलच्या जितका जवळ तितकं हे कमी, म्हणून फॅब्रिकेशनवाल्याला बंपरच्या मागे लांबच लांब हुक काढू देऊ नका.

काही महागड्या परदेशी हिचमध्ये ताणाच्या दांड्या असतात, त्या थोडं वजन खरोखर पुढच्या एक्सलवर ढकलतात. चांगली वस्तू आहे, पण सपाट हायवेसाठी. नाल्यात उतरून लगेच चढायच्या रपट्यावर त्या दांड्या आणि चेसिस दोन्हींवर भयंकर ताण येतो. पांदणीने जाणाऱ्याने त्या फंदात पडू नये.

हुकवरचा आकडा जुळत नसेल तर आधी सामान हलवा. जड वस्तू तळाशी, ट्रेलरच्या एक्सलच्या जवळ किंवा किंचित पुढे. पाण्याची टाकी शक्यतो एक्सलच्या वर आणि प्रवासात एकतर पूर्ण भरलेली नाहीतर रिकामी. अर्धी टाकी ब्रेक मारला की पुढे येते आणि वळणावर बाजूला जाते, ते पाणी कुठल्याच पाट्याने आवरत नाही. गॅस सिलिंडर, बॅटरी, जनरेटर मागच्या दाराशी टांगलेले असतील तर पुढे घ्या. एवढ्यानेच बऱ्याच जणांचं काम भागतं.

गाडीखाली जे आहे ते धड आहे का

आता गाडी सपाट जागी उभी करा. जमिनीपासून नव्हे, चाकाच्या मधल्या बिंदूपासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने चारही कोपरे मोजा. आधी ट्रेलरशिवाय, मग ट्रेलर लावून, आणि आकडे लिहून ठेवा. ट्रेलरशिवायही डावी-उजवी बाजू सारखी नसेल तर एका बाजूचे पाटे बसलेत किंवा एखादा तुटलाय.

तुटलेला पाटा पटकन दिसत नाही. चिखल धुऊन, ब्रशने घासून, टॉर्च लावून बघावं लागतं. भेग बहुधा मधल्या बोल्टच्या भोकापाशी किंवा क्लिपच्या जवळ असते आणि तिच्या कडेला गंजाची लालसर रेघ उमटलेली असते. पाटे एकमेकांवर घासून चकाकतात ते नेहमीचंच, त्याला भेग समजू नका. पाटे बाजूला पसरू नयेत म्हणून असलेल्या क्लिपा तुटल्या किंवा काढून टाकल्या असतील तर नव्या लावा.

मधला बोल्ट कापला गेला की एक्सल पाट्यावर सरकतो आणि गाडी तिरपी चालते. तपासायला सोपं आहे. स्टिअरिंग सरळ ठेवून डावीकडच्या पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत टेप लावा, मग उजवीकडे तेच करा. दोन्ही अंतरं सारखी हवीत. पाट्यांचा संच एक्सलला आवळून धरणारे यू बोल्ट ढिले असले की हा मधला बोल्ट लवकर कापला जातो. काळ्या मातीतले रस्ते पावसात फुगतात, उन्हाळ्यात आकसतात आणि डांबर लाटेसारखं होतं, वरखाली, वरखाली. त्या लाटांवर यू बोल्ट जेवढे ढिले होतात तेवढे खड्ड्यांनीही होत नाहीत.

शॅकलचे, म्हणजे पाट्याचं टोक चेसिसला जोडणाऱ्या हलत्या कडीचे बुश बघायचे तर मोठा सब्बल घालून पाट्याचा डोळा हलवा. खटखट वाजला तर बुश गेलाय. एका बाजूचा गेला तरी दोन्ही बाजूंचे बदला. झिजलेल्या बुशामुळे एक्सल डावी-उजवीकडे थोडा फिरतो, आणि मागे ट्रेलर असला की ते थोडंही मोठं होऊन जाणवतं.

शॉकअप तपासायला लोक बंपर दाबून सोडतात. पाट्यांच्या गाडीत त्यावरून फारसं कळत नाही, कारण पाट्यांचं एकमेकांवर घासणंच गाडीला थांबवतं. त्यापेक्षा खराब रस्त्यावर दहा-पंधरा किलोमीटर चालवून थांबा आणि शॉकअपच्या नळीला हात लावून बघा, सायलेन्सर सांभाळून. काम करणारा शॉकअप गरम होतो, कारण उसळी जिरवताना तेल तापतं. एक कोमट आणि दुसरा थंड असेल तर थंड वाला मेलाय. बाहेर तेल ओघळलेलं असेल तर एवढं करायचीही गरज नाही.

टायर हाही सस्पेन्शनचाच भाग. मागच्या टायरांत हवा कमी असली की बाजूची भिंत लवचीक होते, गाडी मागून वळवळते आणि दोष पाट्यांना लागतो. हवा सकाळी, टायर थंड असताना भरा. तापमान साडेपाच-सहा अंशांनी वाढलं की सुमारे १ पीएसआय वाढतो. चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात दुपारी पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा भर उन्हात मोजून हवा काढणारा सकाळी कमी हवेच्या गाडीत बसलेला असतो. ट्रेलरच्या टायरवरचा भार-निर्देशांकही (टायर किती भार पेलतो ते सांगणारा आकडा) वाचा. जुने कारचे टायर लावलेले ट्रेलर पुष्कळ आहेत.

मग पाटा

एवढं सगळं करूनही ट्रेलर लावल्यावर बूड नको तितकं बसत असेल, बंप स्टॉपला (एक्सल चेसिसवर आपटू नये म्हणून लावलेल्या रबराला) टेकत असेल, तर आता पाट्याचं बघू.

सगळ्यात बरा पर्याय हेल्पर पाट्याचा. हा बहुधा सपाट असतो आणि रिकाम्या गाडीत काहीच करत नाही. भार आला, मुख्य पाटे दबले की मग तो टेकतो आणि जोर लावतो. रिकामी गाडी मऊ राहते, भरलेली सावरली जाते. ज्याची गाडी आठवड्यातून चार दिवस रिकामी किंवा अर्धी फिरते त्याने हाच विचार करावा.

दुसरा पर्याय, मुख्य पाट्यांच्या संचात एक वाढवणं. इथे जाडीचा हिशेब लक्षात घ्या. पाट्याचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. ६ मिलिमीटरच्या जागी त्याच लांबी-रुंदीचा ८ चा पाटा घातला तर तो एक पाटा जवळजवळ २.४ पट ताठ होतो. "थोडासा जाड" म्हणून टाकलेला पाटा थोडासा नसतो. जुन्याच जाडीचा, पायरीने लहान होत जाणाऱ्या क्रमात बसेल असा पाटा घ्या आणि दोन्ही बाजूंना एकाच मापाचा.

पाटे खोलले की मधला बोल्ट आणि यू बोल्ट नवेच घाला. संच जाड झाल्यामुळे यू बोल्ट लांब लागतात. जुन्याच यू बोल्टचे दोन-तीन आटे कसेबसे धरून काम भागवू देऊ नका. नट गाडी चाकांवर उभी असताना, भार असताना, आलटून-पालटून समोरासमोर कसायचे. दोन-तीनशे किलोमीटरनंतर परत कसायचे. कारागीर हे सांगत नाही, कारण तेवढ्यासाठी कुणी परत येत नाही.

बसलेले पाटे ठोकून कमान काढून आणायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. स्वस्त पडते. पण स्प्रिंग स्टीलला नीट उष्णतेची प्रक्रिया दिली नाही तर ती कमान काही महिन्यांत पुन्हा बसते. भट्टीत लाल करून नुसतं गार करणाऱ्याकडे देण्यापेक्षा नवा संच परवडतो. पाट्याला वेल्डिंग तर कधीच नको. वेल्डच्या शेजारीच तो तुटतो.

एअर बॅग किंवा पोकळ रबराचे आधारही मिळतात. एअर बॅगेत भारानुसार हवा कमी-जास्त करता येते, ही तिची खरी मजा. पण फाटली तर तालुक्याच्या गावी सुटा भाग मिळत नाही, आणि गोटे उडणाऱ्या पांदणीत फाटायला वेळ लागत नाही. मी पिकअपला सुचवणार नाही.

जोडीला शॉकअप. पाटे ताठ झाले की ते उसळतातही जोरात, म्हणून जुना मऊ शॉकअप पुरत नाही. गाडी वर आली असेल तर रिकाम्या गाडीत शॉकअप पूर्ण ताणलेला तर नाही ना, एवढं बघा. अँटी-रोल बारने, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणाऱ्या कल रोखणाऱ्या दांडीने, उंच ट्रेलरबरोबर वळणावर गाडी कमी कलते, पण वावरातल्या खाचखळग्यांत चाक जमिनीला धरून ठेवायची ताकद थोडी जाते. बहुतेक वेळ डांबरावर असाल तरच.

पाटा टाकल्यावर विसरली जाणारी गोष्ट

बऱ्याच पिकअपला मागच्या एक्सलपासून चेसिसपर्यंत एक बारीक दांडी किंवा स्प्रिंग गेलेली असते. ती ब्रेकच्या एका व्हॉल्व्हला जोडलेली असते. गाडी भरली, बूड बसलं की ती दांडी सरकते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. गाडी रिकामी, बूड वर, तर दाब कमी, म्हणजे मागची चाकं जाम होऊन गाडी घसरू नये.

आता तुम्ही पाटा वाढवला, गाडी भरलेली असूनही बूड वरच राहिलं. व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे. मागचा ब्रेक अर्धवट लागतो आणि मागे हजार किलोचा ट्रेलर ढकलतोय. परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढताना हे कळत नाही, उतरताना कळतं. म्हणून पाट्यात बदल केला की तो व्हॉल्व्ह कंपनीच्या मापाने सेट करून घ्या. पाट्याच्या दुकानात नव्हे, ब्रेकचं काम जाणणाऱ्याकडे. काही जण दांडी सुतळीने बांधून टाकतात. त्यांच्या मागे आपली गाडी नको.

ट्रेलरला स्वतःचा ब्रेक असलेला बरा. युरोपात ७५० किलोच्या वरच्या ट्रेलरला तो सक्तीचाच आहे. आपल्याकडे फॅब्रिकेशनच्या ट्रेलरला बहुतेक वेळा नसतो. ट्रेलर पुढे ढकलला की आपोआप लागणारा साधा ब्रेक वजनदार ट्रेलरला बसवून घ्या, त्यात काटकसर करू नका.

हेडलाइटची दिशा ट्रेलर लावून, भिंतीवर उजेड पाडून परत जुळवा.

हुक, चेसिस आणि कागद

ट्रॅक्टरसारखी पिन आणि कडी पिकअपला लावू नका. त्यात मोकळीक असते, प्रत्येक ब्रेकला आणि गिअरला धक्का बसतो आणि तो धक्का चेसिसच्या शेवटी जमा होतो. बॉल आणि कपलर वापरा. ५० मिलिमीटरचा बॉल आणि दोन इंची बॉल दिसायला सारखे, पण दोन इंच म्हणजे ५०.८. कपलर आणि बॉल एकाच मापाचे घ्या. हुकचा सांगाडा चेसिसला बोल्टने धरावा, नुसत्या बंपरला वेल्ड करून नव्हे. भोकं चेसिसच्या उभ्या पट्टीत पाडा, वरच्या-खालच्या आडव्या पट्टीत पाडली तर चेसिस कमजोर होतो. आडव्या-उलट्या बांधलेल्या दोन साखळ्याही हव्यातच.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीतल्या नोंदींशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. पाटा वाढवल्याने आरसीतलं एकूण वजन वाढत नाही, हे आरटीओच्या आणि विम्याच्या दृष्टीने स्पष्ट आहे. ट्रेलरची स्वतःची नोंदणी लागते आणि त्याच्या मागे ओढणाऱ्या गाडीचा नंबर दिसावा लागतो, ते कलम ६१ मध्ये आहे. ओव्हरलोडला कलम १९४ खाली २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० दंड आहे.

चालवून बघणं

पहिल्याच दिवशी ट्रेलर घेऊन नागपूर-हिंगणघाट महामार्गावर जाऊ नका. आधी ट्रेलर अर्धा भरून गावाच्या रस्त्यावर, ३०-४० च्या वेगाने. मोकळ्या जागी दोन-तीनदा ब्रेक मारून बघा, गाडी एका बाजूला ओढते का, ट्रेलर सरळ मागे थांबतो का. मग थांबून चारही चाकांच्या हबला आणि ट्रेलरच्या हबला हात लावा. एखादा बाकीच्यांपेक्षा फारच तापला असेल तर बेअरिंग किंवा ब्रेक अडकतोय.

मग पूर्ण भार, मग डांबरावर ५०, ६०. एसटी किंवा मोठा ट्रक जवळून गेला की हवेचा झोत ट्रेलरला ढकलतो, तो झोत बसल्यावर ट्रेलर एक-दोन हेलकाव्यांत शांत व्हायला हवा. वाढतच गेला तर ॲक्सिलेटर सोडा, स्टिअरिंग सरळ घट्ट धरा, उलटसुलट फिरवू नका आणि ब्रेकवर उभे राहू नका. वेग उतरला की ट्रेलर आपोआप सरळ होतो. असं झालं तर घरी येऊन परत हुकवरचा भार तोला, पाट्याला हात लावायच्या आधी.

पावसाळ्यात काळी माती पाट्यांच्या मध्ये जाऊन बसते आणि सुकली की दगड होते. दिवाळीच्या आसपास हंगाम सुरू व्हायच्या आधी पाटे प्रेशरने धुवा, शॅकलच्या पिनांना ग्रीस मारा, यू बोल्टचे नट तपासा आणि चार कोपरे मोजून आधी लिहून ठेवलेल्या आकड्यांशी ताडा. एखादा कोपरा दीड-दोन सेंटिमीटरने खाली आला असेल तर तिथला पाटा खोलूनच बघा.